बोरन्हाणाच्या फोटोतले दागिने

परवा फोनवर तू विचारलंस, "महाड आजी, आजीच्या फोटोंखाली तू कधीच काही लिहीत का नाहीस? ती तर तुझ्या प्रत्येक फोटोला बदाम देते." मी चष्मा सापडत नसल्याचं सांगून विषय बदलला. चष्मा नाकावरच होता. तुझ्या भावाने तो स्क्रीनवर पाहिलाही असणार; तो हसल्याचं मी ऐकलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू जन्मलीस त्या वर्षातलं आहे. ते सांगायचं तर सगळं सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे. तुम्हां दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे इंग्रजीत लिहिणं अवघड नव्हतं. पण या प्रकरणात मी इंग्रजीत एकदा चार वाक्यं लिहिली आहेत आणि ती पुरेशी झाली.

तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. मी "महाड आजी" आणि ती नुसती "आजी". हे तू ठरवलेलं नाहीस. तू बोलायला लागण्याआधीच ते ठरलं होतं. मला मात्र नुसती आजी व्हायचं होतं, आणि जे काही मी केलं ते त्यापायी केलं.

तू होणार होतीस तेव्हा तुझ्या आईची आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आली. पहिलं बाळंतपण माहेरच्यांनी करायचं, ही रीतच आहे, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. शिवाय तुझ्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यांना सोडून मी कुठे जाणार? मी महाडात राहिले. दर रविवारी सकाळी फोन यायचा. तुझा बाबा हवेबद्दल बोलायचा, तुझी आई माझ्या गुडघ्यांबद्दल विचारायची, आणि मग रिसीव्हर तुझ्या कानाला लावायची. "बघ, कोण बोलतंय? महाडच्या आजी बोलतायत." तू श्वास घेतल्याचा आवाज यायचा. तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

मग एका रविवारी बाबा म्हणाला, "आई, फोटो साइटवर टाकलेत. कॅफेत जाऊन बघ ना."

चवदार तळ्याजवळच्या गल्लीत पूर्वी एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिचा मालक माझाच विद्यार्थी. तेव्हा चाळिशीला आला होता. टाइपरायटर भंगारात देऊन त्याने त्याच टेबलांवर सहा कॉम्प्युटर मांडले होते आणि पाटीवर नवं नाव रंगवलं होतं. खुर्च्या मात्र जुन्या, टायपिंगच्याच, पाठ ताठ ठेवायला लावणाऱ्या. मी वही-पेन घेऊन गेले. त्याने खातं उघडून दिलं. नाव काय घालू म्हणाला, तर मी सर्व्हिस बुकात होतं तसं सांगितलं, आडनाव आधी.

"बाई, फोटो?"

"माझा कशाला? मी बघायला आले आहे."

म्हणून माझ्या नावापुढे एक करडा, तोंड नसलेला चौकोन राहिला. मग त्याने तुझ्या बाबाचं पान काढलं. "इथे दाबा. आता त्यांनी फोटो टाकला की तुम्हाला कळेल. म्हणजे तुम्ही त्यांच्या मागे."

"मी आजवर कोणाच्या मागे लागले नाही रे."

"आता लागा, बाई. सगळं गाव लागलंय."

ते खरं होतं. त्या साइटवर निम्मं महाड सापडलं. पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी नवऱ्याबरोबर कुवेतला होती. शाळेत ती निबंध दोनदा लिहायची, तशी आता आपल्या स्वयंपाकघराचे फोटो दोनदा टाकत होती. तिची कपाटं पाहून मी घरी आले आणि आमच्या मांडणीकडे बघून उगाचच चिडले. पण ती चीड संध्याकाळपर्यंत विरली. पुढची विरली नाही.

तुझ्या बाबाच्या पानावर फार काही नव्हतंच. तळं, बर्फ, गाडी, दुसऱ्या बाजूने गाडी. तुझा एकच फोटो, त्यातही तू दुपट्यात नाकापर्यंत गुंडाळलेली. त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, "माझी सोनुली!" नावावर दाबलं आणि विहीणबाईंचं पान उघडलं.

तिथे तू होतीस. मालिश करून घेताना, शेकताना, आंघोळीनंतर, जांभई देताना, खिडकीपाशी, तिच्या मांडीवर, तिच्या खांद्यावर, तिच्या मांडीवर पुन्हा. प्रत्येक फोटोखाली इंग्रजीत ओळ: आजी आणि बाळ. आजीची लाडकी. आजीचं गाणं ऐकताना. कुठली आजी ते सांगायची तिला गरज वाटली नव्हती. मी त्या ओळींमधल्या इंग्रजीच्या चुका काढत बसले. तीन फोटोंत पाच सापडल्या आणि मला जरा बरं वाटलं. ती पुण्यात गाण्याचे वर्ग घ्यायची, कॉम्प्युटरला तिने माझ्याच वयात पहिल्यांदा हात लावला होता. पण तिला शिकवायला लेक शेजारी बसली होती, आणि मला शिकवायला टायपिंगवाला.

मी तिच्या नावापुढचं बटण दाबलं आणि तिच्या मागे लागले.

आधी ठरवलं होतं मंगळवारी आणि शुक्रवारी जायचं, लोडशेडिंगची वेळ सांभाळून. पंधरवड्यात मी रोज जायला लागले. आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "आज गुरुवार आहे."

"भाजी आणायची आहे."

"आणि काल?"

"काल मिळाली नाही."

त्यांची कोर्टात कारकुनीत हयात गेली होती. साक्ष कुठे फिरते ते त्यांना बरोबर कळायचं, पण उलटतपासणी ते कधी घ्यायचे नाहीत.

खोटं बोलून मी काय आणत होते? माझ्या विहिणीचा एकेक दिवस. तिने कोणती साडी नेसली, तिच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत की नाहीत, मी पाठवलेलं दुपटं तुझ्या अंगावर आहे की तिचं. तिचं असलं की तो दिवस वाईट. माझं असलं तरी फोटोत ते तिच्याच मांडीवर असायचं.

मग संक्रांत जवळ आली. तुझी पहिली. पहिल्या संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण करतात: काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. आणि ते दागिने करायचे सासरकडच्यांनी, म्हणजे आम्ही. बाळंतपण तिचं होतं, पण हे माझं होतं. विकतचे मिळाले असते. मला विकतचे नको होते.

हलव्याला काटा यायला थंडी लागते. महाडात सावित्रीकाठी डिसेंबरातही हवा दमट. इथे मी पूर्वी दोनदा करून पाहिला होता, साबुदाण्यासारखा गोल गुळगुळीत झाला होता. म्हणून मी एसटीने पोलादपूर गाठलं आणि तिथून डोंगरातल्या आमच्या गावी उमरठला गेले. तिथे तुझ्या आजोबांची थोरली वहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई. हलव्याचं वेड माझ्या माहेरचं. जाऊबाईंना मात्र जाळ कळायचा. उजाडायच्या सुमाराला मागच्या पडवीत शेगडीवर राख घातलेले निखारे, त्यावर परात, परातीत तीळ. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. थांबायचं नाही. पुन्हा चमचाभर. पाच सकाळी आम्ही दोघी हेच करत होतो.

"बाजारात गावतो ना गो हलवा?" जाऊबाई म्हणाल्या. "मंग माझी पाठ कशाला मोडतेस?"

"हाताने केलेला वेगळा असतो, वहिनी."

"त्या पोरीला दात तरी हायत काय, वेगला कलायला?"

"तिला नाही कळणार. बाकीच्यांना कळेल."

"बाकीचे म्हंजी तुझी विहीन."

त्यांनी माझ्या हातातून परात ओढून घेतली. "बोटं बग तुझी, भाजली. हो तिकडं. नात हाय तुझी, कुनी चोरून नाय नेली."

"चोरून नेल्यासारखीच आहे."

"मंग तू कशाला, पोलिसांना बसव हितं हलवा करायला," असं म्हणून त्या हसल्या आणि हसता हसता पाक घालत राहिल्या.

पाचव्या दिवशी काटा आला. टोकदार, पांढराशुभ्र, चिमटीत धरला तर टोचणारा. मुकुट, हार, कानातली, वाक्या, कंबरपट्टा. सगळं मी एकेक दाणा दोऱ्यात गुंफून केलं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापसात ठेवलं, डबा कापडात शिवला आणि महाडच्या पोस्टातून पाठवून दिला.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात टेलिफोनची केबल तुटली आणि आमचा फोन बंद पडला. रविवार तसाच गेला. डबा पोचला की नाही ते मला कळायला मार्ग नव्हता. पण पोचला असणार असं मी धरूनच चालले होते. संक्रांत झाल्यावर दोन दिवसांनी कॅफेत गेले. फोटो आलेला होता.

तू काळ्या झबल्यात, डोक्यावर पांढरा मुकुट, गळ्यात हार, हातांत वाक्या, आणि चेहऱ्यावर आता रडू की हसू असा भाव. अर्थात तिच्या मांडीवर. खाली ओळ: "पहिलं बोरन्हाण. दागिने आजीने केलेले." आणि त्याखाली तिच्या ओळखीच्या चौदा-पंधरा जणींचं कौतुक. काकू, काय हो तुमच्या हातात कला! मावशी, आम्हालाही शिकवा. आणि या सगळ्यावर तिने लिहिलं होतं, "थँक यू ऑल."

माझे कान तापले. पाच दिवस उमरठला, भाजलेली बोटं, जाऊबाईंची पाठ, आणि थँक यू ऑल! ती दोन अक्षरांची आजी एवढं गिळून बसली होती.

त्या साइटवर मी तोपर्यंत एक अक्षरही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं. उत्तरपत्रिकेवर शेरा लिहितात तशी चार वाक्यं, अचूक इंग्रजीत. कृपया नोंद घ्यावी की फोटोतील दागिने बाळाच्या वडिलांच्या आईने महाड येथे स्वहस्ते केलेले आहेत. हलवा घरी तयार केलेला आहे. दागिने करण्याचा मान परंपरेने सासरकडचा असतो. ओळीत तशी दुरुस्ती व्हावी.

टायपिंगवाला मागे उभा राहून वाचत होता. "बाई, हे पत्र नाही. हे सगळ्यांना दिसणार."

"दिसू दे."

"एकदा घरी विचारून..."

"स्पेलिंग चुकलंय का कुठे?"

"नाही बाई."

"मग झालं." आणि मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी ओळ बदललेली होती. "पहिलं बोरन्हाण. दागिने महाडच्या आजींनी स्वतः केलेले." माझ्या चार वाक्यांना तिने उत्तर दिलं नव्हतं. पण तिच्या त्याच पुण्याच्या मैत्रिणी आता मला नावाजत होत्या. त्या करड्या, तोंड नसलेल्या चौकोनाला नमस्कार करत होत्या. मी ते तीनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला बक्षीस-समारंभातही कधी झाला नव्हता.

त्या आनंदातच मी चूक केली. जाऊबाई दोन दिवसांनी महाडला बाजाराला आल्या होत्या, त्यांना मी ओढून कॅफेत नेलं. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली आणि टायपिंगच्या खुर्चीवर मांडी घालायचा प्रयत्न केला.

"ही व्हय विहीन? गोरी हाय."

"दागिने बघा, वहिनी."

त्या पुढे वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यो आपला हलवा नाय."

"असं काय करता? आपलाच तो."

"काटा कुठं हाय ह्याला? गोल गोल गोल्या हायत ह्या."

"स्क्रीनवर तसं दिसतं."

"हिच्या नाकातली मोरणी बरी नीट दिसते तुझ्या स्क्रीनवर! पाच दिस पाठ मोडली माझी, काटा मी इसरंन?"

टायपिंगवाल्याने कोणी न सांगता फोटो मोठा केला. मुकुटावरचा एकेक दाणा वाटाण्याएवढा झाला. गुळगुळीत, चकचकीत, दोन्ही बाजूंनी चपटा. कंबरपट्टा तर नव्हताच. माझा काटा मी हजारात ओळखीन असं मी आयुष्यभर सांगत आले होते, आणि मत्सराने पाहिलं तर पेपरमिंटच्या गोळ्यांवर मला काटा दिसला होता.

होय, पेपरमिंटच्याच. रविवारी फोन सुरू झाला आणि बाबाने पहिलंच वाक्य म्हटलं, "आई, तुझा डबा काल आला गं. नाताळच्या गर्दीत कुठेतरी अडकला होता. बोरन्हाण तर होऊन गेलं, पण सासूबाईंनी इथल्या गोळ्यांचे दागिने केले होते. दोन दिवस बसल्या होत्या दोरा घेऊन. बघितलास ना फोटो?"

मी म्हटलं, "बघितला."

"तुझे परत घालून फोटो काढतो."

"नको," मी म्हटलं. "संक्रांत झाली. आता नको." दोन फोटो शेजारी शेजारी लागले असते, तर काटा कुठल्याला आहे ते कोणालाही दिसलं असतं. मुकुट तुझ्या बाबाने चहाबरोबर खाल्ला, असं पुढच्या रविवारी कळलं. काटा चांगला होता म्हणाला.

विहीणबाई जानेवारीअखेर पुण्याला परत आल्या. मी त्यांना फोन केला. काय बोलायचं ते वहीत लिहून घेतलं होतं, पण त्यातलं पहिलं वाक्यही पुरतं बोलू दिलं नाही त्यांनी.

"अहो ताई, त्यात काय! तुमचा डबा वाटेत आहे हे आम्हाला माहीतच होतं. मान तुमचाच. मी नुसती वेळ भागवली."

"पण तुम्ही दोन दिवस बसून..."

"मला तेवढाच विरंगुळा. आणि गोळ्या अर्ध्या मीच खाल्ल्या, खरं सांगू का!" त्या हसल्या. हसणंसुद्धा सुरेल. मग म्हणाल्या, "ती ओळ मी पुन्हा बदलू का? तुम्हाला बरं वाटेल तसं करते."

तिने खरंच विचारलं होतं. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी "हो, बदला" एवढंच म्हणायचं होतं. डोळ्यांपुढे त्या सगळ्या पुणेकर बायका आल्या, करड्या चौकोनाला नमस्कार करणाऱ्या. आणि मला वाटलं, हिच्याकडे तू आहेस, सहा महिन्यांचे फोटो आहेत, नुसती आजी हे नाव आहे. एवढी एक ओळ माझ्याकडे राहिली तर हिचं काय कमी होणार आहे?

मी म्हटलं, "राहू द्या."

"बरं," ती म्हणाली, आणि माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

ती साइट पुढे बंद पडली. पण बंद व्हायच्या आधी तुझ्या आईने तो फोटो छापून घेतला. तुमच्या जेवणाच्या टेबलामागे आहे तो हाच. त्याखाली चिकटवलेली ओळही तीच. शाळेत असताना तू तो मैत्रिणींना दाखवून सांगितलंस की माझ्या महाड आजीने साखरेचे दागिने केले होते, आणि तेव्हापासून तू मला दरवर्षी संक्रांतीला फोन करून हलवा कसा करतात ते विचारतेस. मी सांगते. कृती खरी असते. विहीणबाईंनी इतक्या वर्षांत तुम्हाला एकदाही दुसरं काही सांगितलेलं नाही, हे मला तुझ्या प्रत्येक फोनवरून कळतं. तुझे आई-बाबाही काही बोलले नाहीत, ते तिच्याच सांगण्यावरून असणार. तिच्या फोटोंचा मला एवढा त्रास झाला नाही जेवढा तिच्या या गप्प राहण्याचा झाला. तिथे तिला गाठणं मला जमलेलं नाही. तिच्या फोटोखाली काही लिहायला गेले की बोट थांबतं, ते म्हणून.

तर, ते दागिने तुझ्या आजीने केलेले आहेत. नुसत्या आजीने. मी केलेले चहाबरोबर संपले.

फोटो काढून टाकायचं कारण नाही, ओळ तेवढी बदला. तुझा भाऊ नीट अक्षरात लिहील. हे कागद तिला दाखवायचे की नाहीत ते तुम्ही दोघं ठरवा. मला विचाराल तर, एवढ्यात नको. वाचून ती लगेच फोन करेल, आणि फार गोड बोलेल.